बाबालालचाचा उशिरा येतात

मे महिन्याची दुपार. भाकरी-आमटी पोटात गेलेली, कूलर घरघरतोय, पलीकडच्या गल्लीत माग खडाक-खडाक चाललेत, आणि सुलक्षणा मगदूम खाटेवर आडवी पडून ठरवतेय की झोपायचं नाही. झोपायचं नाही म्हणणाऱ्या माणसाला झोप जितकी चटकन येते, तितकी झोपायचं म्हणणाऱ्याला जन्मात येत नाही. पाच मिनिटं पाठ टेकते, मग उठून कौस्तुभला काय ते कळवते, असं ती स्वतःलाच बजावते. फोन उशाशी आहे, इअरफोनची एक गुंडी कानात आहे. डोळे मिटले तरी ती विचार करतेच आहे असं तिला वाटतंय. खरं तर ती निम्मी गेलेली आहे.

विचार कसला ते आधी सांगायला हवं.

सुलू 'तिठा' नावाच्या बँडची गाणारी आणि गाणी लिहिणारी. इचलकरंजीसारख्या मागाच्या गावात कंट्री-रॉकचा बँड! तिच्या मावशीनं तोंडाला पदर लावून विचारलं होतं, "म्हणजे नक्की काय करता गं तुम्ही?" तेव्हा सुलू म्हणाली, "ट्रकवाल्यांची गाणी, पण गिटारीवर." मावशीला पटलं. तिचे मेहुणे, म्हणजे सुलूचे वडील, आयुष्यभर ट्रकच चालवत होते. चार वर्षांपूर्वी बँडचा पहिला अल्बम आला, 'टॉपगिअर', आणि अक्षरशः धुमाकूळ. गणपतीपुढं तो, जत्रेत तो, बारशाला तो. मग गेल्या वर्षी दुसरा आला, 'न्यूट्रल'. आणि लोकांची तोंडं दोन दिशांना झाली.

काहींनी डोक्यावर घेतला. हुबळीहून एका अनोळखी ड्रायव्हरचा फोन आला, म्हणाला, ताई, घाट उतरताना तेवढंच ऐकतो, दुसरं काही ऐकवत नाही. साताऱ्याच्या एका बाईंनी चार पानी पत्र लिहिलं, तेही शाईच्या पेनानं. पण बाकीच्यांचं एकच पालुपद: पहिल्यासारखं नाही. "नाचायला कुठंय यात?" "फार संथ." "यांना शहाणपणा सुचला वाटतं." पुण्याच्या एका पेपरात समीक्षक महाशयांनी अर्धी बाजू स्तुती केली आणि उरलेल्या अर्ध्या बाजूत सगळी वसूल केली.

सर्वांत जास्त बोललं गेलं ते शेवटच्या गाण्यातल्या एका जागेवर. गाण्याचं नावही 'न्यूट्रल'च. सुलूनं ते आपल्या गेलेल्या वडलांवर, आप्पांवर लिहिलं. ती दुसऱ्या कडव्याच्या शेवटी गाते:

अंगणात उभी गाडी, किल्ली खुंटीला,
आप्पा, आता सांगा हॉर्न द्यायचा कुणाला

इथं सगळी वाद्यं थांबतात आणि पुढच्या मात्रेवर स्टील गिटार उचलते, अशी बांधणी. प्रत्यक्षात स्टील गिटार येत नाही. येतच नाही. सात-आठ सेकंद नुसती शांतता. ऐकणारा फोन हलवून बघतो, बंद पडला की काय. मग कुठूनशी ती येते, आणि अशी येते की अंगावर काटा उभा राहतो. पण उशिरा येते, हे कुणीही सांगेल.

ती वाजवली होती बाबालाल नदाफ यांनी. सगळ्यांचे बाबालालचाचा. वय सदुसष्ट. तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट, मग ऑर्केस्ट्रात मांडीवर आडवी धरून वाजवायची हवाईन गिटार, मग वीस वर्षं सुताला खळ देणाऱ्या सायझिंगमध्ये नोकरी. परदेशात पायडल असलेली स्टील गिटार असते असं सुलूनं त्यांना फोनवर दाखवलं. पंधरा दिवसांनी ते शिलाई मशीनचं पायडल, सायकलच्या ब्रेकची वायर आणि सागवानी फळी घेऊन आले. जोडलं, पाय दाबला, आणि सूर असा वाकला की ड्रमवाला महावीर खुर्चीवरून उठून उभा राहिला. असा माणूस. 'न्यूट्रल' बाहेर पडला आणि दोन महिन्यांत चाचा गेले.

आता कंपनी अल्बम पुन्हा काढतेय. पुण्याच्या कौस्तुभनं, ज्यानं तो प्रेमानं ध्वनिमुद्रित केला, त्यानंच विचारलंय: ती शांतता कापू का? स्टील पुढं ओढून बरोबर मात्रेवर बसवतो, कुणाला कळणार नाही, आणि चाचांच्या नावाला लागलेला बोलही जाईल. गाणं तुझं, तू सांग. पाचपर्यंत सांग, फाईल पाठवायची आहे.

आणि सुलूला सांगता येत नाहीये. कारण ती चूक होती की नव्हती, हेच तिला माहीत नाही. चाचा असताना तिनं विचारलं नाही.

कूलरचा आवाज लांब जातो. खाटेच्या पायथ्याशी कुणीतरी बसतं. खाट जराशी करकरते.

"जेवलीस का?"

"जेवले," सुलू म्हणते, आणि मग बघते. चाचा बसलेत. मांडीवर ती फळी आहे, आणि ते पकडीनं ब्रेकची वायर आवळतायत. अंगात नेहमीचा फिकट निळा शर्ट, खिशाला चष्म्याची पेटी. ते गेलेत हे तिला ठाऊक आहे. कब्रस्तानात बायका जात नाहीत, म्हणून ती फाटकाबाहेर रस्त्यावर उभी होती, आणि महावीरनं येऊन "झालं" म्हटलं होतं. हे सगळं आठवतंय, आणि तरी चाचा बसलेत यात तिला वावगं काही वाटत नाही.

"चाचा, तुम्ही तर..."

"गेलोय की. म्हणून काय वायर ढिली ठिवायची?"

"बरे आहात?"

"लई बरा. गुडघा दुखत न्हाई. चहात साखर घालून पितोय, कोण विचारतंय?" ते हसतात. चार दातांची जागा मोकळी होती, तिथं आता दात आहेत.

ती उठून बसते तर खाली फरशी नाही, सिमेंटची काळी जमीन आहे, तेल प्यायलेली. हे मागाचं शेड. सुट्टीचा वार असल्यानं माग गप्प उभेत. याच शेडमध्ये 'न्यूट्रल' वाजवला गेला, कारण कौस्तुभला इथला घुमारा आवडला होता. हवेत कापसाची पिसं तरंगतायत आणि खाली येत नाहीयेत. महावीरचे ड्रम मांडलेले आहेत, महावीर नाही. तिच्या माइकसमोर तिच्या चपला ठेवलेल्या आहेत.

"मग?" चाचा म्हणतात. ते आता आपल्या स्टुलावर आहेत. "काय म्हणाली दुनिया? मला ऐकायला वेळच गावला न्हाई."

"आवडला, चाचा. सगळ्यांना आवडला."

"सगळ्यांस्नी?"

"सगळ्यांना."

"या अल्ला! सगळ्यांस्नी आवडला म्हंजे काहीतरी बिघडलं असणार." ते तिच्याकडे तिरकं बघतात. "खरं बोल गं. मेलेल्या माणसाला काय कुणी फसवतंय?"

सुलूच्या हातात पेपरचं कात्रण आहे. कुठून आलं, देव जाणे. ओलं आहे, अक्षरं जराशी सरकतायत, पण चाचा ते हातात घेतात आणि घडाघडा वाचू लागतात. जिवंतपणी या माणसाला बसची पाटी दिसत नव्हती.

"'न्यूट्रल' ही देखणी गाडी आहे," ते वाचतात, "मात्र ती कोठे चालली आहे हे खुद्द चालकालाही ठाऊक नसावे." ते मान डोलावतात. "ब्येस लिवलंय! खरंच हाय. न्यूट्रलमदी गाडी कुठं जायची ते रस्ताच ठरवतोय. त्याला गाणं कळलंय बघ."

"त्यानं शिव्या दिल्यात चाचा."

"शिव्या दिल्या म्हणून कळलं न्हाई असं कुठं असतंय? माझी बायको चाळीस वर्सं शिव्या देत हुती. तिच्याइतकं मला कुणी वळखलं न्हाई." ते पुढं वाचतात, आणि पुढं काय आहे ते सुलूला माहीत आहे. कात्रण ओढून घ्यावं म्हणून ती हात पुढं करते, पण हात पोचत नाही. शेड लांबच लांब झालंय.

"शेवटच्या गाण्यात," चाचा सावकाश वाचतात, "ज्येष्ठ वादकांना नेमक्या क्षणी डुलकी लागली असावी."

कुठल्यातरी मागाचा धोटा आपोआप एकदा इकडून तिकडे जातो. मग पुन्हा सगळं गप्प.

चाचा कात्रणाची घडी घालून खिशात ठेवतात. "चल, चहा घेऊ," म्हणतात.

शेडचं दार उघडलं की एस.टी. स्टँडचं कँटीन. तीच संगमरवरी टेबलं, तोच भज्यांचा वास. चहा समोर आहे, आणलेला कुणी दिसला नाही. बाहेर माणूस गाड्या पुकारतोय, पण गावांची नावं न घेता नुसत्या वेळा सांगतोय. तीन वीस. तीन चाळीस. चार. चाचा बशीत चहा ओततात आणि फुंकर घालतात.

"पाचला उत्तर द्यायचंय मला," सुलू म्हणते. "कौस्तुभ म्हणतो ती शांतता कापू या. तुम्हाला बरोबर मात्रेवर आणू या. कापू का?"

"माझी मात्रा आता कुणाच्या बापाला ठाऊक हाय? कापा की."

"असं नका बोलू."

"मग कसं बोलू? तू कशाला विचारतीस ते तरी सांग."

"तुम्ही चुकलात की नाही, ते मला माहीत नाही म्हणून."

"त्याच दिवशी का न्हाई विचारलंस? समोरच तर बसलो हुतो. वडापाव खाल्ला की दोघांनी."

बाहेरचा माणूस म्हणतो, चार दहा. वर्षभर कुणाला सांगितलं नाही ते सुलू एका दमात बोलून टाकते.

"मला वाटलं तुम्ही चुकलात. तुमचा हात थरथरत होता, डोळे अधू झाले होते, साखर वाढलेली. महावीर म्हणाला, परत घेऊ या, ही जागा कुठल्याच आवर्तनात बसत नाही. मी म्हटलं नको, राहू दे. सगळ्यांना वाटलं मला ती जागा आवडली. आवडली नव्हती चाचा. मला तुमची कीव आली. म्हातारा माणूस, आता परत वाजवायला कुठं लावायचं, असं वाटलं. तुमच्यासारख्या वाजवणाऱ्याची मी कीव केली. तुम्ही गेल्यावर तर मला तोंडच राहिलं नाही विचारायला."

चाचा चहा पितात. बशी खाली ठेवतात, अगदी हळू. चेहरा पडलेला तिला स्पष्ट दिसतो. या माणसाचा चेहरा पडलेला तिनं कधी बघितला नव्हता, बायको गेली तेव्हाही नाही.

"कीव केलीस व्हय," ते म्हणतात. "बरं."

"चाचा..."

"उठ. चपला घालू नकोस, राहू देत. ये माझ्या मागनं."

कँटीनच्या मागच्या दारातून ते बाहेर पडतात आणि ऊन एकदम डोळ्यांवर येतं. भर दुपारची वरात आहे. चाचांच्या अंगावर लाल कोट, सोनेरी फीत, डोक्यावर तिरकी टोपी, आणि वय फार तर तीस. हातात क्लॅरोनेट. पुढं बँडमास्तर काठी उंचावून उलटा चालतोय. घोडा आहे, घोड्यावर कुणी नाही. वाजतंय ते 'टॉपगिअर'मधलं गाणं, चाळीस वर्षांपूर्वीच्या वरातीत, आणि सुलूला त्याचंही काही वाटत नाही. डांबर तापलंय. तिचे पाय अनवाणी आहेत पण भाजत नाहीत.

"बघ," वाजवता वाजवताच चाचा बोलतात, आणि कसं कोण जाणे, सूर तुटत नाही. "निम्मी नाचत्यात. निम्मी घड्याळ बघत्यात, जेवण कधी म्हणून. एक मामा रुसलाय, तो तिकडं तोंड करून हुबा हाय. दर वरातीला असंच असतंय. मग वाजवणाऱ्यानं कुणाकडं बघायचं?"

"नाचणाऱ्यांकडं?"

"नाचणाऱ्याकडं बघितलं की हात पळाय लागतोय. घड्याळवाल्याकडं बघितलं की हात आखडतोय. रुसलेल्याकडं बघितलं तर घरीच जावं वाटतंय. म्होरल्या माणसाच्या टाचंकडं बघायचं. टाच पडली की फुंकायचं. बास."

सुलू पुढच्याच्या टाचेकडं बघत चालू लागते. भेगाळलेली टाच, वहाणेत. पडते, उचलते, पडते. तिला बरं वाटतं. इतकं सोपं असतं तर काय हवं होतं, असंही वाटतं.

वरात वळते आणि ती तिची गल्ली असते.

दत्ताच्या देवळाचं वळण, चिंचेचं झाड, हौद, आणि मग त्यांचं घर. दारात आप्पांचा ट्रक उभा आहे, काचेवर ताडपत्री ओढलेली. कट्ट्यावर पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं उकिडवी बसलीत, कुणी कुणाशी बोलत नाही. दोरीवर आप्पांचा पंचा वाळतोय. चूल पेटलेली नाही, हे तिला बाहेरूनच कळतं.

बँडमास्तर काठी खाली घेतो.

आणि सगळं थांबतं. ढोल, ताशा, क्लॅरोनेट, सगळं. नाचणारे हात खाली सोडतात. वरात थांबत नाही, ती चालतच राहते, पण आवाज फक्त पावलांचा.

आता हे काय सुलूला माहीत नव्हतं असं नाही. या गावातल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत असतं. दुखवट्याचं घर आलं की बँड बंद. कुणाचंही घर असो, कुठल्याही जातीचं, कुठल्याही धर्माचं. वरातीत नवरदेवाचा बाप आमदार असला तरी बंद. लहानपणापासून तिनं हे पन्नासदा बघितलंय. पण रॉकच्या अल्बममध्ये ते कोण शोधायला जातंय? तिथं माणूस मात्रा मोजतो, आवर्तन मोजतो, आणि मात्रेवर आलं नाही की चूक म्हणतो. तिनंही तेच केलं.

ती टाचेवरून नजर काढून दाराकडं बघते.

"चाचा," ती कुजबुजते, "आप्पा आत आहेत?"

"म्होरं बघ. टाच."

"मी पटकन जाऊन येऊ? दारातनं तर चाललोय. एकदाच बघते."

"वरातीतलं माणूस आत जात न्हाई पोरी." तो आवाज मऊ आहे, पण त्यात सवलत नाही. "आपलं काम गप बसून म्होरनं जायाचं."

"किती वेळ गप्प बसायचं?"

"घर संपंस्तोवर."

"म्हणजे किती?"

"ज्याचं जेवढं घर. वाड्याला वाड्याएवढं, खोपटाला खोपटाएवढं. माप असं न्हाई." ते क्लॅरोनेट छातीशी धरून चाललेत, टोपी काढलेली. "तू गाण्यात मला आणलंस आन् ह्या दारात हुबं केलंस. गाडी अंगणात, किल्ली खुंटीला. आप्पा गेले म्हणालीस. लगेच म्होरच्या मात्रंला वाजवाय मी काय बेशरम हाय?"

सुलूचे डोळे भरून आलेत आणि पुढची टाच अंधूक दिसतेय.

"मग मला सांगायचं नाही का?"

"मला वाटलं तुला कळलंय. तू राहू दे म्हणालीस की. घरी जाऊन मी पोराला म्हटलं, सुलीला कळलं बघ. बाकी एकाला कळलं न्हाई, पण सुलीला कळलं." ते जरा हसतात. "असू दे. आता कळलं न्हवं? मग मोज."

"काय?"

"पावलं. घर संपंस्तोवर मोज. तुझं घर हाय, मी कशाला मोजू?"

ती मोजायला लागते. लहानपणी आई मोजायला शिकवायची तशी, अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवून. पहिलं पाऊल, तर्जनीचं खालचं पेर. कट्टा येतो. पांढऱ्या टोप्यांतला एकजण मान वर करून बघतो आणि पुन्हा खाली घालतो. ट्रकचा बंपर. ट्रकचं चाक. उंबरा येतो आणि आत अंधार आहे, आणि त्या अंधारात कुणीतरी खाकरतं, अगदी आप्पांसारखं. सुलूचा अंगठा पेरावर रुततो. ती वळत नाही. म्होरं बघ. टाच. खिडकी. दोरीवरचा पंचा. किती झाली, तिला आता आठवत नाही, अंगठाच मोजतोय. बोअरिंगचा पाइप. भिंतीचा शेवट येतोय, शेवटचा दगड दिसतोय, बँडमास्तर काठी उचलतो, चाचा क्लॅरोनेट ओठांना लावतात, पण निघतो तो स्टील गिटारचा पहिला सूर, वाकणारा, चढणारा...

"सुले, अगं फोन वाजतोय तुझा!" आई बाहेरच्या सोप्यातून ओरडते.

सुलूचे डोळे उघडतात. कूलर. छत. उशीला ओल. फोन थरथरून थांबलाय. चार चाळीस. कानातली गुंडी निसटून मानेखाली रुतलीय. तिला नीट उठवत नाही, अंग जड झालंय, आणि डाव्या हाताची मूठ वळलेली आहे. उघडायला जाते तर दुखते.

अंगठा करंगळीवर रुतून बसलाय. ती दुसऱ्या हातानं तो सोडवते. करंगळीच्या मधल्या पेरावर नखाची खूण, चंद्रकोरीसारखी, लालभडक, खोल. रक्त यायचंच बाकी होतं.

ती त्या खुणेकडं बघत बसते. मग मोजते. तर्जनीची तीन, मधल्याची तीन, अनामिकेची तीन. दहा. अकरा.

चप्पल न घालता ती सोप्यातून जाते. आई परातीत शेंगा निवडत बसलीय. "कुठं गं, उन्हात?" सुलू तशीच बाहेर पडते. गल्लीत येऊन ती शेजारच्या पाटलांच्या भिंतीशी उभी राहते, जिथं त्यांचं घर संपतं आणि मगदूमांचं सुरू होतं. ट्रक विकून बारा वर्षं झाली, अंगण मोकळं आहे. ती दोन्ही कानांत गुंड्या घालते आणि 'न्यूट्रल' लावते, दुसऱ्या कडव्यापासून. तिचाच आवाज येतो. अंगणात उभी गाडी, किल्ली खुंटीला. वर्षभर तिनं हे गाणं ऐकलं नव्हतं. बरं गायलेय मी, असं तिला पहिल्यांदाच वाटतं. आप्पा, आता सांगा हॉर्न द्यायचा कुणाला.

शांतता.

ती चालू लागते. वरातीत चालतात तसं, घाई न करता. एक. दोन. कट्टा. चार. पाच. उंबऱ्यासमोरून जाताना ती आत बघत नाही. आठ. खिडकी. दहा. बोअरिंगचा पाइप. अकरा, आणि भिंत संपते.

आणि चाचांची गिटार येते.

सुलू तिथंच उभी राहते, भर उन्हात, आणि तोंडावर हात दाबून रडते. चार वर्षं हा माणूस दर गुरुवारी तिच्या घरी सरावाला यायचा. पाटलांच्या भिंतीशी सायकलवरून उतरायचा, आणि सायकल हातात धरून चालत दारापर्यंत यायचा, जाताना दारापासून मगदूमांच्या भिंतीच्या दुसऱ्या टोकापर्यंत तसाच चालत जायचा, मग टांग टाकायचा. गुडघा दुखतो म्हणून उतरतात, असं तिला वाटायचं. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं त्याला, हात थरथरत होता, शरीरात साखर किती होती देव जाणे, आणि त्या मागाच्या शेडमध्ये स्टुलावर बसून, डोळे मिटून, तो माणूस तिच्या बापाच्या घरापुढून गप्प चालत गेला. एक पाऊल कमी नाही, एक जास्त नाही. आणि तिनं त्याची कीव केली!

"अगं भाजतील पाय!" आई दारात येऊन उभी राहिलीय, हातात शेंग तशीच. "काय झालं? रडतीस कशाला? कुणाचा फोन हुता?"

फोन पुन्हा वाजतो. कौस्तुभ.

"सुलू, पाच होतील आता. काय करायचं? कापू ना?"

"नाही. एक क्षणही कापायचा नाही."

"बरं. तू म्हणशील तसं. पण लोक परत तेच म्हणणार गं, म्हाताऱ्याला डुलकी लागली म्हणून. मला चाचांसाठी वाईट वाटतं. नक्की आहे काय त्या जागेत?"

सुलू नाक पुसते. करंगळी ठणकतेय. ती मागं वळून बघते, पाटलांच्या भिंतीपासून ते शेवटच्या दगडापर्यंत.

"तिथं आमचं घर आहे," ती म्हणते.